माग काढण्याची विद्या



'मृगया' हा शब्द आपण शिकार या अर्थी वापरतो. पण त्याचे मूळ पाहू गेले, तर संस्कृतातील 'मृग्' हा धातू सापडतो आणि त्याचा अर्थ आहे शोधणे. 'मार्ग' हा शब्दही त्याच धातूचा आणि आपला मराठी 'माग' त्या मार्गाचाच वंशज. म्हणजे मृगयेत मारणे येते ते शेवटी, कधी येतही नाही. आधी येते ते शोधणे. त्या शोधण्याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत. तेही दूरच्या अरण्यातल्या नव्हे. कर्जत-खालापूरच्या, तुमच्या गावामागच्या डोंगरातल्या.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. एके काळी जंगलखात्याचा परवाना काढून शिकार करता येत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार बंदच झाली. नुसता बार काढणेच नव्हे, तर फासा लावणे, हाका घालणे, आमिष टाकणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे, यालाही कायदा शिकारच म्हणतो. तेव्हा बंदुकीचा प्रश्न मिटला. मग शिकाऱ्याची विद्या तरी कशाला हवी, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर शेवटी देतो. आधी ती विद्या काय होती ते पाहू.

खांडसवरून भीमाशंकरला चढणारी वाट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. १९८५ साली तिकडच्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. या डोंगररांगेत हरणासारखे तीन प्राणी आढळतात. सर्वांत मोठे सांबर. त्याचा भरदार नर खांद्याशी जवळजवळ दीड मीटर भरतो. दुसरे भेकर, शेळीएवढे, एकटे हिंडणारे. संशय आला की ते कुत्र्यासारखे भुंकते आणि पुष्कळ वेळ भुंकत राहते. तिसरी पिसोरी, सशाएवढी, अंगावर पांढरे ठिपके नि पट्टे असलेली, रात्री बाहेर पडणारी. शास्त्रज्ञ पिसोरीला खरे हरीण मानीत नाहीत. तिला शिंगे नसतात.

आता बघा, हे प्राणी तुम्हांला सहसा दिसणार नाहीत. दिसतील त्यांच्या खुणा. ओल्या मातीत दुभंगलेला खूर उमटतो. त्याचे टोक ज्या बाजूला, ती जाण्याची दिशा. प्राणी संथ चालत असेल तर खुराचे दोन भाग जवळ असतात. तो उधळला असेल तर ते फाकतात, माती मागे उडते आणि मऊ चिखलात मागच्या दोन उपखुरांचे ठिपकेही उमटतात. कडा धारदार असल्या तर माग ताजा. कडा ढासळल्या, आत पालापाचोळा पडला, वर कोळ्याने जाळे विणले, तर जनावर केव्हाच निघून गेले.

पाने कोणी खाल्ली हेही ओळखता येते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते पान ओढून तोडते आणि देठाची कड फाटकी राहते. सशाने खाल्लेला कोंब चाकूने तिरका छाटल्यासारखा दिसतो. खोडावर माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर वाळलेला चिखल लागलेला असेल, तर सांबर चिखलात लोळून तेथे अंग घासून गेले आहे काय, ते पाहावे. लेंड्या ओल्या व चकचकीत की कोरड्या व फिक्या, हेही पाहावे. एका खुणेवर विश्वास ठेवू नये; तीन खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या म्हणजे मग मानावे.

पण खुणा वाचता आल्या म्हणजे शिकारी झाला असे नव्हे. एकाच मचाणावर वर्षानुवर्षे बसणारा आणि रानाबरोबर जागा बदलणारा, यांत फार अंतर आहे. सरकारी रान हे काही आपले कुंपण घातलेले वावर नव्हे. तेथे जनावर आपल्या सोयीने येत नाही. आपणच त्याच्या सोयीने जावे लागते. पावसाळ्यात पाला आणि पाणी सर्वत्र, म्हणून कळप नि एकांडे सारे विखुरलेले. हिवाळ्यात आवळा गळू लागला की त्या झाडाखाली पाहावे. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले पडतात. ती वेचायला माणसे येण्याआधी भेकर येऊन गेलेले असते. वैशाखात ओढे आटले की उरलेले डोह आणि झरे हेच सर्वांचे गाव. उंबर मात्र केव्हाही फळते, म्हणून त्याच्याकडे बारा महिने लक्ष हवे. वानरे वर खातात आणि खाली टाकतात, ते टिपायला हरणे झाडाखाली येतात. म्हणून वानरांचा आवाजही ऐकत राहावे.

आणि वारा! चिमूटभर राख सोडून वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय जुना शिकारी पाऊल उचलीत नसे. डोळ्याला फसवता येते, पण हरणाच्या नाकाला फसवता येत नाही.

ही विद्या पुस्तकातून आलेली नाही. ती ठाकरवाडीतल्या नि कातकरवाडीतल्या वडीलधाऱ्यांकडे आहे आणि दर वर्षी थोडी थोडी कमी होते आहे. मोठमोठ्या निसर्गअभ्यासकांची सुरुवात पुष्कळदा अशा शोधातूनच झाली. सालिम अली यांनी लहानपणी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला ते १९०८ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. पुढे सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा गाजलेला अभ्यास झाला तो याच जिल्ह्यात, किहीमला. कर्नाळ्याला वनाधिकारी म्हणून काम केलेले मारुती चितमपल्ली हे तर रानातल्या माणसांपासून शिकतच मोठे झाले. विद्या तीच, तिचा शेवट तेवढा बदलला.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या दोन्ही तालुक्यांत रस्ते रुंद होत आहेत, शेतघरे वाढत आहेत, कुंपणे पडत आहेत. जनावर पाण्याला कोणत्या वाटेने उतरते, हे ज्याला ठाऊक आहे तोच म्हणू शकेल की, बाबांनो, हे कुंपण येथे नको. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानाचे आणि वन्यजीवांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेलाही दिला आहे. पण ग्रामसभेत नुसते 'आमच्या रानात जनावर आहे' म्हणून भागत नाही. कोठे, केव्हा, किती, हे सांगता आले पाहिजे. रस्त्यावर लावलेला फासा, मुद्दाम घातलेला वणवा, मोकाट कुत्र्यांनी लावलेला पाठलाग, हे सर्वांआधी दिसते तेही माग काढणाऱ्यालाच.

गुरुजनांना एक विनंती. शाळेजवळच्या ओढ्याकाठी हातभर जागेतली वाळू संध्याकाळी सपाट करून ठेवा आणि सकाळी मुलांना घेऊन जा. अभयारण्यात शिरण्याची गरज नाही. तेथे परवानगीशिवाय जाऊही नये. वहीत तारीख, जागा, खुराची लांबी, दिशा एवढेच लिहा. पहिल्या दिवशी शेळी आणि कुत्रा निघेल. निघू द्या, शेळीचा खूर नीट ओळखल्याशिवाय भेकराचा ओळखू येत नाही. महिन्यातून एकदा वाडीवरच्या एखाद्या आजोबांना सन्मानाने बोलवा, त्यांना खुर्ची द्या आणि मुलांसमोर ती वही त्यांना दाखवा. ते चुका काढतील, आणि धडा तोच. गळलेले शिंग सापडले, तर ते घरी आणू नका. वहीत टिपून तेथेच राहू द्या.

वर्षभर अशी वही चालली, तर आपल्या गावच्या रानाचे जे ज्ञान आज चार म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, ते चाळीस मुलांच्या हाती येईल. शिकाऱ्याने रानातून काही तरी घेऊन परत यावे अशी जुनी अपेक्षा आहे. आपल्या मुलांनी ही वही घेऊन यावी.