पंधरा हजारांचं अ‍ॅप आणि मेसचे मामा

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी पीएमटीत, कुणी हॉस्टेलच्या गच्चीवर रेंज शोधत. जिथे असाल तिथे आरामात बसा. आज गप्पा जरा लांब जाणार आहेत.

सुरुवातीलाच एक सांगतो. या भागात आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख येईल. तुम्हाला आत्ता ते ऐकायला जड जाणार असेल तर भाग खुशाल बंद करा. आणि स्वतःच त्या अवस्थेत असाल तर १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. शेवटी पुन्हा सांगेन.

तर विषय आहे छोट्या ग्रँटचा. बऱ्याच कॉलेजांत, विद्यापीठांत अशी एक योजना असते: विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी काही करायचंय का? एक पानी अर्ज द्या, दहा-पंधरा हजार रुपये घ्या आणि करा. ऐकायला भारी वाटतं. मी अशी ग्रँट घेतली होती. त्यातला अर्धा पैसा मी वाया घालवला आणि उरलेल्या अर्ध्यात जे झालं ते माझ्या चार वर्षांच्या बीटेकमधलं सगळ्यात चांगलं काम होतं. दोन्ही सांगतो.

मी मूळचा रावेरचा, जळगाव जिल्हा. पुण्यात बीटेक केलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट कुठल्याही कॉलेजची असू शकते. २०१८ साल, थर्ड इयर, सहावं सेमिस्टर. नोटीस बोर्डावर कागद लागला, 'स्टुडंट वेलबीइंग प्रोजेक्टसाठी पंधरा हजारांपर्यंत निधी'. आम्ही कॉम्प्युटरची चार पोरं. आम्हाला दुसरं काय सुचणार? अ‍ॅप!

अ‍ॅप असं की रोज रात्री दहाला नोटिफिकेशन येणार, 'आज तुला कसं वाटतंय?' पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. एक दाबायचा. महिन्याचा ग्राफ दिसणार. कमिटीला प्रचंड आवडलं. ग्राफ दिसला की कमिटीला आवडतंच.

खर्चाचा हिशोब मला अजून पाठ आहे. प्ले स्टोअरची फी पंचवीस डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण १,६०० रुपये. पोस्टर २,४०० रुपये. आणि टीमचे टी-शर्ट ४,२०० रुपये! हो, टी-शर्ट. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा टी-शर्टशिवाय प्रोजेक्ट पूर्ण वाटायचाच नाही.

पहिल्या आठवड्यात २१२ जणांनी अ‍ॅप टाकलं. आम्ही उड्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यात रोज वापरणारे उरले चार. त्यातले तिघे आमच्याच टीमचे.

का? एका ज्युनियरने तोंडावर सांगितलं. "दादा, लॉगिनला कॉलेजचा ईमेल मागता. मी रडका चेहरा दाबला आणि तो एचओडी सरांना दिसला तर?" आम्ही म्हटलं, अरे डेटा सुरक्षित आहे. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ना. मला काय माहीत?" बरोबर होतं त्याचं. एन्क्रिप्शन आम्ही केलं होतं. विश्वास ही गोष्ट मात्र कोडमध्ये लिहिता येत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

माझा रूमी परभणीकडचा. हुशार, शांत. पाचव्या सेमिस्टरचे निकाल उशिरा लागले, त्यात त्याचे चार विषय राहिले. मागचेही होतेच. हिशोब केला तर वायडी, म्हणजे वर्ष गेलं. घरी वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढलेलं. त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं.

मी काय करत होतो? त्याच खोलीत, सहा फुटांवर, कानात हेडफोन घालून रात्री दोनपर्यंत अ‍ॅपचा बग शोधत होतो. नोटिफिकेशन काही फोनवर दोनदा येत होतं, ते दुरुस्त करत होतो. टेस्टिंगसाठी अ‍ॅप रूमीच्या फोनमध्येही टाकलं होतं. रोज रात्री दहाला त्याच्या उशीशेजारी फोनचा उजेड पडायचा, 'आज तुला कसं वाटतंय?' तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचा. मी एवढंच बघायचो, की चला, आज एकदाच वाजला.

तोंडाने मी त्याला एकदाही विचारलं नाही.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी मेसमध्ये ताट घेऊन उभा होतो. पोळ्या वाढणारे मामा म्हणाले, "काय रे, तुझा पार्टनर गावी गेलाय का? चार दिवस झाले, जेवायला नाही आला."

गावी? तो तर खोलीतच होता.

ताट तिथेच ठेवलं आणि वर पळालो. त्याच्याशेजारी बसलो. "काय झालंय?" "काही नाही, ठीक आहे." पुन्हा विचारलं. दहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग तो बोलायला लागला. जगण्यात अर्थ वाटत नाही, असंही म्हणाला. मला काय बोलायचं ते कळेना. सल्ला देण्याची अक्कलच नव्हती, हे बरंच झालं. नुसता ऐकत राहिलो.

कॉलेजमध्ये काउन्सेलर मॅडम होत्या, पण आठवड्यातून दोनदाच येणाऱ्या, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत. म्हणजे आता थेट मंगळवार. वॉर्डन सरांना सांगितलं. त्याला विचारून त्याच्या ताईला फोन लावला. त्या रात्री आम्ही तिघांनी पाळी लावली, त्याला एकटं सोडलं नाही. मामांनी खिचडी डब्यात भरून वर पाठवली, मेसच्या नियमात न बसणारी. सकाळी ताई आणि भाऊजी आले, त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने वर्षभर थांबून उपचार घेतले, परत आला, डिग्री केली. आज नोकरी करतोय. त्याला विचारूनच हे सगळं सांगतोय. "टी-शर्टचं पण सांग," असं तोच म्हणाला.

सोमवारी मी ग्रँट बघणाऱ्या मॅडमकडे गेलो. म्हटलं, मॅडम, आमचा प्रोजेक्ट फसला. ६,८०० रुपये उरलेत, परत घ्या. त्या म्हणाल्या, "फसला तर अहवालात तसंच लिही. पैसे कशाला परत करतोस? चार दिवसांत तुला काय कळलं ते सांग." मी म्हटलं, पोरगा जेवत नाही हे अ‍ॅपला कळलं नाही, मामांना कळलं. "मग मामांवर खर्च कर," त्या म्हणाल्या.

झालं ते एवढंच. मेसची माणसं, गेटवरचे वॉचमन, लाँड्रीवाले, लायब्ररीतले काका, टपरीवाला, अशी अकरा माणसं जमवली. काउन्सेलर मॅडम आणि बाहेरच्या एक प्रशिक्षक यांनी दोन दुपारी त्यांच्याशी गप्पा मारल्या. प्रवासखर्चाचे २,०००, चहा-नाश्त्याचे १,९००, खिशात मावणारी कार्डं छापायला ९००. शिकवलं काय? कुणी जेवायचं, अंघोळीचं, बोलायचं सोडलं तर लक्षात घ्या. बाजूला घेऊन साधं विचारा. शंका आली तर स्पष्ट विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अनेकांना मोकळं वाटतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उपदेश करू नका. एकटं सोडू नका. आणि कार्डावरच्या माणसाला फोन करा.

टपरीवाला म्हणाला, "हे तर आम्ही करतोच. फक्त पुढे कुणाला सांगायचं ते माहीत नव्हतं." खरंय. दिसत सगळ्यांनाच होतं. पुढचा नंबर कुणाकडे नव्हता.

उरलेले २,००० रुपये पुढच्या निकालाच्या संध्याकाळी घातले. मेसच्या ओट्यावर फुकट कांदेपोहे. पास-नापास सगळ्यांना. खोलीत तोंड लपवून बसायच्या वेळी पोरं खाली आली, एवढाच हेतू. त्या सेमिस्टरला मामांच्या सांगण्यावरून तीन जण काउन्सेलरपर्यंत पोहोचले. ग्राफ नाही, तीनच माणसं.

आता वाईट भाग. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, 'हा निधी फक्त नवीन कल्पनांसाठी आहे'. मग आम्ही प्लेसमेंटच्या मागे लागलो. मेसचा ठेकेदार बदलला, मामा गेले. कार्डांवरचा नंबर बदलला. वर्षभरात सगळं पुसलं गेलं. अ‍ॅप मात्र त्यानंतरही बरेच दिवस प्ले स्टोअरवर होतं!

नोकरी लागल्यावर मी शोधायला लागलो की इतर विद्यापीठं हे कसं करतात. अमेरिकेतल्या एमआयटीबद्दल वाचलं. पुण्यातली नव्हे, मॅसॅच्युसेट्समधली. त्यांचं ब्रीद 'बुद्धी आणि हात'. त्यात हृदय जोडून २०१५ मध्ये त्यांनी 'माइंडहँडहार्ट' नावाचा उपक्रम काढला. त्याच्या फंडातून विद्यार्थी, कर्मचारी, प्राध्यापक कुणीही अर्ज करू शकायचं, दहा हजार डॉलरपर्यंत. कर्मचारीसुद्धा! म्हणजे आमचे मामा तिथे स्वतः अर्ज करू शकले असते.

त्याच कॅम्पसवर २०१८ पासून विद्यार्थ्यांनी 'बनाना लाउंज' चालवलंय. एक खोली, बसायला जागा, आणि कुणीही यावं, फुकट केळी खावीत. बस्स. वर्षाला लाखोंच्या हिशोबात केळी जातात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग आपल्या रावेरमध्ये तर सगळेच सुखी पाहिजेत!" हसलो आम्ही. पण माझ्यासाठी त्यातली मोठी गोष्ट केळी नव्हती. पहिली बॅच पास होऊन गेली, तरी पुढच्या बॅचने खोली उघडी ठेवली, ही होती.

म्हणून मला आज एकच म्हणायचंय. छोटी ग्रँट नवं काही बनवण्यापेक्षा जे आधीच चाललंय ते टिकवायला द्या. आपल्या आसपास लक्ष ठेवणारी माणसं असतातच. त्यांना थोडं बळ द्या आणि दर वर्षी द्या.

तुमच्या कॉलेजात अशी योजना असेल तर चार गोष्टी मागा. एक, पैसे आधी मिळू देत. 'तुम्ही खर्च करा, बिल लावा, मग देऊ' म्हटलं की ज्याच्या खिशात पाच हजार नाहीत तो अर्जच करत नाही, आणि बहुतेक वेळा गरज त्यालाच जास्त असते. दोन, छोट्या खर्चाला साधी पावती चालू दे. आमच्या टपरीवाल्याकडे जीएसटी नंबर मागितला होता! तीन, फसलं तर 'फसलं' असं लिहायची मोकळीक हवी. चार, थोडा निधी जुन्याच कामासाठी राखून ठेवा.

आणि एक इशारा. ही ग्रँट काउन्सेलरच्या पगाराला पर्याय नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा होता. हे पोह्यांनी सुटणारं नाही. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये निर्देश दिलेत की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच. शिक्षक आणि शिक्षकेतर, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षणही द्यायचंय. शिक्षकेतर, म्हणजे आमचे मामा त्यात आले. तुमच्या कॉलेजला विचारा, आमच्याकडे हे झालं का? विचारायला ग्रँट लागत नाही.

चला, थांबतो. हा भाग संपला की हेडफोन काढा आणि शेजारच्या कॉटवर बघा. कुणी चार दिवस जेवायला आलं नसेल तर विचारा. 'ठीक आहे' म्हणाला तरी पुन्हा एकदा विचारा. आणि नंबर लिहून ठेवा, १४४१६.

मामा, तुम्ही हे ऐकत असाल अशी शक्यता कमी आहे. पण ती खिचडी आमच्या लक्षात आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.