‘फरसबंदी’ची घडण

वाड्याच्या चौकात, देवळाच्या प्रांगणात किंवा नदीच्या घाटावर दगड एकमेकांस भिडवून बसविले, की त्या भूमीला मराठी माणूस फरसबंदी म्हणतो. शब्द ऐकताच कठीण पाषाण डोळ्यांपुढे येतो. परंतु त्याचा जन्म मात्र मऊ बिछायतीवर झालेला आहे. अरबी भाषेत ‘फर्श’ म्हणजे पसरणे, आणि त्यावरून जे पसरावयाचे ते अंथरूण. फारसीच्या वाटेने तो शब्द हिंदुस्थानात आला. बिछायती घालणारा सेवक तो फरास, आणि तंबू, सतरंज्या, गालिचे ठेवण्याची जागा तो फरासखाना. पुण्यात पेशवाईतील त्या कोठाराचे नाव आज एका पोलीस ठाण्याने जिवंत ठेवले आहे.

पुढे गालिच्याचा अर्थ त्याखालच्या जमिनीकडे सरकला. उर्दूत ‘फर्श’ या दोन्ही अर्थांनी चालतो. मराठीने त्यापासून ‘फरशी’ घडविली आणि जमिनीचे नाव एकेका दगडी लादीलाही दिले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या शहाबाद गावचा चुनखडीचा दगड ‘शहाबादी फरशी’ म्हणून मराठी घरांच्या ओट्यांवर व माजघरांत पोचला.

असा शब्द परका म्हणून टाकावा काय? फारसी-मराठी कोश १९२५ मध्ये सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन हेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. तेव्हा हा प्रश्न केवळ अज्ञानातून निघालेला नव्हे. संस्कृतात ‘कुट्टिम’ हा शब्द तयार आहे. ‘कुट्ट्’ म्हणजे कुटणे. अमरकोशाने कुट्टिमाचा अर्थ बांधून काढलेली भूमी असा दिला आहे. पण फरसबंदीतील ‘बंदी’ तरी काय सांगते? फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बंध्’ ही एकाच कुळातील भावंडे. म्हणजे ज्याला परका म्हणून दाराबाहेर काढावयाचे, त्याचा अर्धा भाग घरच्याच नात्याचा निघतो.

गवंड्याला दोन्ही शब्दांचे मर्म हाताने ठाऊक असते. तळ नीट कुटला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात फरशी खचते. सांधे बांधले नाहीत, तर फटींतून गवत उगवून दगड सुटू लागतात. कुटणे ‘कुट्टिमा’ने सांगितले, पसरणे व बांधणे ‘फरसबंदी’ने. यांपैकी एक शब्द गाळला, तर त्या कामाच्या ज्ञानाचा तेवढा भाग भाषेतून गळून पडेल.