चूक पुसू नये, नोंदवावी



संगणकाची आज्ञावली लिहिणारे लोक तिच्यातील दोषास 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. यंत्रातील दोषास हा शब्द एडिसनने १८७८ मध्येच योजिला होता. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क दोन' या गणकयंत्रात खराखुरा पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटवून, प्रत्यक्ष किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, असा गमतीचा शेरा त्यांनी खाली लिहिला. ते पान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जतन केलेले आहे.

या विनोदामागे एक शिस्त आहे. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले 'गिट' हे साधन आज्ञावलीतील प्रत्येक नोंदविलेला बदल कोणी व केव्हा केला, हे सांभाळून ठेवते. जुना मजकूर शिल्लक राहतो, म्हणूनच चूक कोठे शिरली ते शोधता येते. 'गिट' म्हणजे इंग्रजी बोलीत मूर्ख मनुष्य. आपण आपल्या कृतींना स्वतःचेच नाव देतो, असे टोर्वाल्ड्स थट्टेने म्हणत.

आपल्या वर्गातील मूल मात्र चुकलेले गणित घाईने पुसून टाकते, कारण त्यास हशाचे भय वाटते. पुसल्याने चूक दिसेनाशी होते, नाहीशी होत नाही. चुकलेले गणित तसेच राहू द्यावे, शेजारी नवे मांडवावे, आणि पायरी कोठे चुकली ते मुलासच शोधू द्यावे. हसावयाचे तर सर्वांनी मिळून चुकीला हसावे. मुलाला कदापि नव्हे.