हळदोण्याचा ट्रम्पेटवाला आणि पुणतांब्याचे अण्णा

वरातीत बँडवाल्यांनी 'अलबेला' चित्रपटातलं 'शोला जो भडके' धरलं की म्हातारी माणसंही हात हलवत त्यातल्या भगवानदादांसारखा पाय टाकतात. संगीत कुणाचं म्हणाल तर सी. रामचंद्रांचं. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. आजचं व्याख्यान त्यातल्या राहून गेलेल्या नावाबद्दल आहे.

आंतोनियो झेवियर वाझ हे ते नाव. जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे इभ्रतीनं मिळवावेत, असं आईला वाटे. पण त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. कागदावरचं संगीत वाचता येणारी पोरं पोटासाठी मुंबई, कलकत्ता, रंगून गाठत. आंतोनियोही रंगूनला वाजवून आला. मुंबईत त्याचं नाव झालं चिक चॉकलेट.

मुंबईला जॅझची गोडी लावली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी. १९३५ साली लिऑन ॲबी आपला बँड घेऊन 'ताज' हॉटेलमध्ये आला. गोव्याच्या वादकांनी हे संगीत ऐकलं, उचललं आणि आपलं केलं. चिकनं आदर्श ठेवला तो लुई आर्मस्ट्राँगचा. तशीच ट्रम्पेट, तसाच खरखरीत गळा. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणू लागले, आणि पुढं 'ताज'मध्ये त्याचा स्वतःचा बँड वाजू लागला.

आता पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा. त्यांचे गुरू विनायकबुवा पटवर्धन, मूळचे मिरजेचे. अण्णांचा पाया असा अस्सल रागदारीचा, पण कान चारी दिशांना उघडे. १९४७ च्या 'शहनाई'तलं 'आना मेरी जान संडे के संडे' ऐकून नाकं मुरडणारे कमी नव्हते. पब्लिकनं मात्र ते डोक्यावर घेतलं.

चाल सुचणं वेगळं आणि ती वीस-पंचवीस वादकांत वाटून देणं वेगळं. सॅक्सोफोन कुठं शिरणार, क्लॅरिनेट कुठं उत्तर देणार, हे कागदावर उतरवावं लागतं, आणि ती विद्या गोव्याच्या मंडळींकडे होती. चिक अण्णांचा सहायक झाला. १९५१ च्या 'अलबेला'तल्या 'शोला जो भडके'त बाँगोच्या ठेक्यावर ट्रम्पेट, ओबो आणि क्लॅरिनेट जो धुमाकूळ घालतात, त्यात त्याचा वाटा मोठा. आणि त्याच चित्रपटात 'धीरे से आ जा री अँखियन में'सारखी अंगाईही आहे! एका चित्रपटात हे दोन्ही पेलणारे अण्णाच.

त्याच सुमारास मुंबईत दारूबंदी आली. क्लबांचा धंदा बसला आणि वादकांचे पाय स्टुडिओकडे वळले. हिंदी सिनेसंगीताच्या भरजरी वाद्यमेळामागं हे कारण आहे, एवढं दारूबंदी आणणाऱ्या गृहमंत्री मोरारजीभाई देसाईंच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

चिकनं स्वतंत्र संगीतही दिलं. 'नादान' चित्रपटातलं तलत महमूदचं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' त्याचंच. पण संगीतकार म्हणून त्याचं बस्तान बसलं नाही. १९६७ मध्ये, पन्नाशीच्या आसपास, तो गेला. अण्णांची थोरवी त्याचं नाव घेतल्यानं तसूभरही कमी होत नाही. न घेणं हा मात्र निव्वळ कद्रूपणा आहे.

'अलबेला' पुन्हा पाहाल तेव्हा 'दीवाना परवाना' या गाण्यापाशी थांबा. झालरींचे कपडे घालून पडद्यावर वाजवणारा तो बँड चिक चॉकलेटचाच आहे.