बर्फाच्या कप्प्यांतील विसरलेलें पुडकें



सामिष भोजन चालणाऱ्या घरांतून आषाढाच्या अखेरीस मांसाची खरेदी सैल हातानें होते, आणि उरलेलें फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत जाऊन पडतें. मग श्रावण येतो, मागोमाग गणपति, नवरात्र. दसऱ्यास गृहिणी कप्पा साफ करूं लागते, तों तळाशीं एक पुडकें निघतें. दगडासारखें कठीण, छापील मुदत केव्हांच उलटलेली. सूनबाई म्हणतात, टाकून द्यावें. सासूबाई म्हणतात, अन्न टाकूं नये. दोघींच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच हा तंटा सहजासहजीं मिटत नाहीं.

थंडी जंतूंना मारीत नाहीं, निजविते. शून्याखालीं १८ अंश सेल्सियसवर त्यांची वाढ थांबते, आणि ही थंडी अखंड राहिली तर मांस महिनोन्‌महिने निर्धोक राहतें. १८८२ सालीं ‘डनीडिन’ नांवाचें शिडाचें जहाज न्यूझीलंडहून गोठविलेलें मांस घेऊन ९८ दिवसांनीं लंडनास पोंचलें. वाटेंत उष्ण कटिबंध ओलांडावा लागला, तरी सुमारें पांच हजार धडांपैकीं एकच टाकावें लागलें.

तेव्हां गोठविलेल्या पुडक्यावरील मुदत ही बहुधा चवीची मुदत होय. पांढुरके, कोरडे डाग पडतात ते ओलावा उडून गेल्यामुळें. तेवढा भाग कापून टाकावा. चरबी मात्र बर्फांतहि हळूहळू खवट होते. म्हणून बांगड्यासारखा तेलकट मासा दोनतीन महिन्यांत, खिमा तीनचार महिन्यांत संपवावा. अख्खी कोंबडी वर्षभर टिकते. खालच्या कप्प्याचा न्याय वेगळा. तेथें कच्ची कोंबडी, खिमा वा मासे एकदोन दिवसच ठेवावे, आणि मुदत उलटली कीं वाद घालूं नये.

खरा प्रश्न हा कीं, मध्यंतरीं थंडी तुटली होती काय? मंडळी गणपतीस कोंकणांत गेलेली, मागें पावसांत वीज गेलेली. परत येऊन पाहावें तों सर्व पूर्ववत् गोठलेलें! गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर दार न उघडल्यास सुमारें ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. लहानशा कप्प्याचा तितका भरंवसा नाहीं. यावर एक सोपी युक्ति आहे. वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणें ठेवून जावें. परत आल्यावर नाणें वरच असेल तर ठीक; तळाशीं गेलेलें आढळलें, तर बर्फ वितळून पुन्हां गोठला असें समजावें. येथें सासूबाईंनीं माघार घ्यावी.

कोणी म्हणेल, वास घेऊन पाहूं. रोगकारक जंतूंना वास असतोच असें नाहीं. दुसरा म्हणेल, चांगलें उकळूं. जंतू मरतील, परंतु त्यांपैकीं कांहींनीं आधींच सोडलेलें विष उकळण्यानेंहि जात नाहीं. आणि आपल्या आलें-लसणाच्या वाटणाखालीं तर वाटेल तें झांकलें जातें! असें मांस दारच्या मांजरासहि घालूं नये.

निर्धोक ठरलेलें पुडकें ओट्यावर ठेवून वितळवूं नये. वरचा थर कोमट होतो, आंत बर्फ तसाच राहतो. खोल भांड्यांत घालून तें रात्रभर खालच्या कप्प्यांत ठेवावें. खाटकाकडून येणाऱ्या मांसावर तारीख नसतेच. ती आपणच चिठ्ठीवर लिहून पुडक्यास बाहेरून चिकटवावी, व नवें पुडकें जुन्याच्या खालीं घालावें. शाई ओलाव्यानें पसरते. पेन्सिलीनें लिहिलेलें टिकतें.