पायाला कळले पाहिजे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



तापलेल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि "आई गं" मागून निघते. असे का? भाजल्याची वर्दी मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोचते आणि हात उचलण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला दुःख कळते ते त्यानंतर. धाकट्या जावेने काम उरकून मग सासूबाईंना सांगावे, तसे!

पण ही वर्दीच पोचली नाही तर? मधुमेहात तसे होऊ शकते. स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचे संप्रेरक रक्तात येते. ते कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले की रक्तात साखर साठते. ती वर्षानुवर्षे चढी राहिली की मज्जातंतू निकामी होत जातात. सर्वांत लांब तंतू पावलांचे, म्हणून सुरुवात बहुधा तिथून. आधी मुंग्या, जळजळ, पुढे बधिरपणा. दुखत नाही म्हणून बाई निश्चिंत, आणि तळव्यात काटा मोडलेला! अशीच जखम चिघळून पाय कापण्याची पाळी येते.

घरच्यांच्या पायांना आपण तेल लावतो, स्वतःचे तळवे कोण पाहते? मधुमेह असलेल्या बाईने ते रोज रात्री पाहावेत, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरून. बोटांच्या बेचक्यांतही. शेकायची पिशवी पायाशी नको. अंघोळीचे पाणी पायाने न अजमावता कोपराने पाहावे. आणि वैशाखात देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नयेत; दर्शन सकाळी लवकरही होते.