विकत घेतलेला खेळ घरात का नाही?

(कुरुद, भिलाई येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. शब्दांकनात बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘डिजिटल दुकानं आणि कॉम्प्युटरवरचे खेळ’. हा विषय ठेवला तर मोठी मंडळी फिरकणार नाहीत, अशी संयोजकांना धास्ती होती. खुर्च्या तर भरलेल्या दिसतात. एक तर कूलर चांगला आहे, नाहीतर नातवंडांनी ओढून आणलं आहे. (हशा) मला दोन्ही चालेल.

स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळांचं डिजिटल दुकान आणि लाँचर म्हणजे खेळ उघडून देणारा प्रोग्राम, याहून जास्त मी सांगत बसत नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी शेजारच्या मुलाला विचारावं. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. पुस्तक दाखल करायचं, शिक्का मारायचा, वाचकाला द्यायचं, परत आलं की जागेवर ठेवायचं. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते आधीच सांगतो. ज्याचे पूर्ण पैसे मोजले त्याची चालती प्रत आपल्या घरात राहिली पाहिजे. ती मित्राला देता आली पाहिजे, आपल्यामागे मुलांना मिळाली पाहिजे. खेळ डाउनलोड करताना जो मनस्ताप होतो, त्याचं मूळ मला याच एका गोष्टीत दिसतं. कसं, ते सांगतो.

माझी ताई इथेच कुरुदला असते. तिच्या मुलाने सेलमध्ये एक खेळ घ्यायचं ठरवलं. दुकानाचं नाव घेत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच होतं. वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे साठवलेले. कार्ड आईचं. ओटीपी आईच्या मोबाइलवर आणि मोबाइल आईबरोबर बाजारात. (हशा) ती येईपर्यंत वेळ संपली. पुन्हा केलं तर खात्यातून पैसे गेले आणि दुकान म्हणालं, व्यवहार प्रलंबित आहे. बँक म्हणाली, दुकानाला विचारा. दुकानात विचारायला माणूस नाही, फॉर्म आहे, आणि फॉर्ममधल्या कारणांत आमचं कारण नाही. पैसे परत आले, पण तोवर सेल संपला होता. ताईने वरचे पैसे घातले आणि पोराने पूर्ण किमतीला खेळ घेतला.

आता तो आणायचा कसा? खेळ 90 जीबीचा. घरात तेव्हा मोबाइलचंच नेट, रोजचे 2 जीबी. घरातल्या कुणी व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा उघडायचं नाही असं ठरवलं तरी 45 दिवस! मग या मुलाने सीपीयूचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला, सायकलच्या कॅरिअरला ट्यूबने आवळला आणि सेक्टर 6 मधल्या मित्राकडे नेला. तिथे फायबर होतं, 50 एमबीपीएसचं. लावलं तर पडद्यावर वेग दिसतो सहाचा. दोघांनी मिळून फायबरवाल्याला फोन करून भांडण काढलं. तो बिचारा खरं सांगत होता. नेटवाला मोजतो मेगाबिटमध्ये, दुकान दाखवतं मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. 50 ला आठाने भागा, सव्वासहा येतात. म्हणजे 90 जीबीला चार तास. संध्याकाळपर्यंत खेळ उतरला, सायकलवरून डबा कुरुदला परत आला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली : अपडेट आवश्यक. (मुलांच्या रांगेतून मोठा प्रतिसाद) बघा, हे हसणं अनुभवाचं आहे.

ते अपडेट मोबाइलच्या नेटवर जेमतेम आलं, तर डिस्कवर जागा नाही. फोटो काढले, जागा केली. मग दुसऱ्याच कंपनीचं लाँचर उघडलं आणि त्याने नवं खातं मागितलं, नवा पासवर्ड मागितला. पोराच्या हातात खेळ आला तेव्हा शाळा उघडली होती.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मीही पाहिलं. ही गोष्ट थोडक्यात सांगायची होती, लांबली खरी. पण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

अपडेट एवढं मोठं का येतं? स्टीम खेळाच्या फायलींचे साधारण एक-एक मेगाबाइटचे तुकडे करतं आणि बदललेले तुकडेच पाठवतं. कल्पना उत्तम आहे. पण खेळ बनवणारे हजारो चित्रं-आवाज एका प्रचंड फाइलमध्ये कोंबतात आणि नव्या आवृत्तीत त्यांचा क्रम हलतो. मग आतलं चित्र तेच असूनही जवळजवळ प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो आणि पुन्हा उतरवावा लागतो. शिवाय नवी फाइल जुन्या फाइलशेजारी बांधली जाते, म्हणून बदल थोडा असला तरी डिस्कवर मोकळी जागा भरपूर लागते. स्टीमची कंपनी व्हॉल्व्ह खेळ बनवणाऱ्यांना याबद्दल सावधही करते. कोण किती ऐकतं, हे कॉल ऑफ ड्यूटी या खेळमालिकेने दाखवलंच आहे. तिच्यातला 2019 चा मॉडर्न वॉरफेअर अपडेट घेत घेत 200 जीबीच्या पुढे गेला होता.

आणि खात्याची, नेटची ही सक्ती आली कुठून? व्हॉल्व्हने स्टीम सुरू केलं 2003 च्या सप्टेंबरात. 16 नोव्हेंबर 2004 ला त्यांचाच हाफ-लाइफ 2 हा खेळ आला. डिस्क विकत घ्या, घरी आणा, तरी स्टीमवर खातं उघडून परवानगी घेतल्याशिवाय खेळ सुरू होईना. पहिल्याच दिवशी परवानगी देणाऱ्या सर्व्हरवर गर्दी उसळली आणि डिस्क हातात घेऊन लोक बसून राहिले. त्याच्या आदल्याच महिन्यात भारत सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं होतं आणि त्यात ब्रॉडबँडची व्याख्या होती 256 केबीपीएस. त्या वेगाने एक साधी डीव्हीडी भरायला 41 तास लागतात. पुढे बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ वापराची मोजणी होत नसे. पहाटे गजर लावून डाउनलोड सुरू करणारे इथे असतील. हात वर करा. बघा, किती आहेत! जगाचा बाजार डिस्क सोडून निघाला तेव्हा आपल्याकडचा रस्ता असा होता. स्टीमवर रुपयांत भाव लागले तेही 2015 मध्ये. तोवर डॉलर, आणि परदेशात चालणारं कार्ड किती घरांत होतं?

रस्ता आता सुधारला. आणि स्टीमला नावं ठेवायला मी आलो नाही. 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ ते परत घेतं. एका घरातल्या सहा जणांना खेळ वाटून घेता येतात. एकाच घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर खेळ नेण्याची सोयही 2023 मध्ये आली. हे सगळं चांगलं आहे. माझं भांडण त्याच्या पलीकडचं आहे. हे सगळं दुकान देईल तोवर आहे.

द क्रू नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ यूबीसॉफ्ट कंपनीने 2014 मध्ये बाजारात आणला. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशी जोडूनच चालायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेला खेळ सगळ्यांकडे एकदम मेला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ निघाली. युरोपात त्यांच्या मागणीवर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे : बंद करायचा तर करा, पण विकत घेतलेला खेळ पुढेही चालेल अशा अवस्थेत सोडून जा. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा केला की परवाना विकत असाल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगा. त्यानंतर स्टीमच्या पैसे भरायच्या पानावर तशी ओळ दिसू लागली.

परवाना! म्हणजे वारसाहक्क नाही. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्रातही लिहून देता येत नाही. आपल्याकडे आजीच्या पितळी डब्यावर तिचं नाव टोचून घातलेलं असतं आणि तो डबा नातसुनेच्या ओट्यावर डाळ सांभाळत असतो. वीस वर्षं एक-एक करून जमवलेल्या खेळांना तेवढंही नशीब नाही, हे मला फार लागतं.

(सभागृहातून : “मग सुपेल्याच्या बाजारातली दोन नंबरची सीडी बरी होती!” हशा, टाळ्या)

नाही. थांबा, यावर टाळ्या नकोत. चोरीच्या प्रतीची बाजू घ्यायला मी आलेलो नाही. खेळामागे शेकडो लोकांची वर्षं असतात. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या गटाने 2020 मध्ये ‘राजी’ आणला, त्यासाठी काय खस्ता खाल्ल्या ते वाचा. चोरीची प्रत घेणारा त्यांच्या ताटातला घास घेतो. पण तुम्ही विषय काढलाच आहे तर एक पाहा. 2021 च्या नोव्हेंबरात डेनुवो या खेळांना डिजिटल कुलूप घालणाऱ्या कंपनीच्या एका डोमेनची मुदत संपली आणि काही तास कित्येक खेळ उघडेनात. कुणाचे? पैसे देणाऱ्यांचे. कुलूप फोडलेल्या प्रती चालूच होत्या. प्रामाणिक माणसाच्या घरात चोरापेक्षा कमी टिकणारी वस्तू जावी, हे मला मान्य नाही.

यावरचं उत्तर पोलंडच्या बाजारात सापडलं होतं. 1994 मध्ये दोन मित्रांनी वॉर्सात सीडी प्रोजेक्ट ही कंपनी सुरू केली. भोवती चोरीच्या सीडींचा बाजार, सुपेल्याच्या दसपट. 1999 मध्ये त्यांनी बाल्डर्स गेट हा खेळ पोलिश भाषेत आणला. नामवंत नटांचे आवाज घेतले, आणि खोक्यात पाच सीडी, जुन्या कागदासारखा नकाशा, नियमांचं पुस्तक, संगीताची सीडी असं सगळं घातलं. घरात ठेवावीशी वाटेल अशी वस्तू दिली आणि लोकांनी रांग लावून ती विकत घेतली! त्याच घराण्याने 2008 मध्ये जीओजी हे डिजिटल दुकान काढलं. तिथे खेळ घेतला की इन्स्टॉलर फाइल मिळते. ती हार्ड डिस्कवर ठेवा, नेट नसताना लावा, उद्या दुकान बुडालं तरी तुमच्या घरातली चालते. म्हणजे हे जमतं. जमत नाही असं कुणी सांगितलं तर हे नाव सांगा.

(चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, दोन मुद्दे गाळतो.)

पण माधवराव सप्रे गाळणार नाही, छत्तीसगडात उभा राहून ते बरं दिसणार नाही. सप्रे आपल्यातले, मराठी घरातले. टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे. त्यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं. ते तीन वर्षांत बंद पडलं. त्यात 1901 मध्ये आलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीच्या अगदी आरंभीच्या कथांत मोजली जाते आणि आजही वाचली जाते. मासिक बंद पडलं तेव्हा वर्गणीदारांच्या घरातले अंक कुणी परत मागायला आलं नाही, म्हणून. द क्रूच्या बाबतीत तर खेळ लोकांच्या खात्यातूनच काढून घेतले. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये मोजदाद केली. 2010 पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आता बाजारात मिळत नाहीत. शंभरातल्या 87 पुस्तकांबद्दल कुणी असं सांगितलं असतं तर आपण मोर्चे काढले असते.

पुस्तकांसाठी आपल्याकडे 1954 चा कायदा आहे. छापलेलं प्रत्येक पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पोचतं करायचं. खेळ त्यात नाहीत. फ्रान्सने 1992 च्या कायद्यापासून ते घेतले आणि त्यांचं राष्ट्रीय ग्रंथालय आज व्हिडिओ गेम सांभाळतं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात, प्रोग्रामची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला सुरक्षेसाठी एक प्रत करून ठेवायची मुभा आहे. पण सर्व्हरने होकार दिल्याशिवाय जो खेळ उघडत नाही, त्याची प्रत ठेवून काय करणार? म्हणून माझी मागणी दोन ओळींची आहे. पूर्ण किमतीला विकलेल्या खेळाबरोबर नेटशिवाय चालणारा इन्स्टॉलर द्यावा. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या खेळाची एक चालती प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा व्हावी. हा ठराव मी लिहून आणला आहे. अध्यक्षांच्या टेबलावर आहे. पटलं तर सही करून जा, नाही पटलं तर का, ते त्याच्या पाठीमागे लिहा. मला तेही हवं आहे.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी काम आहे. घरी माळ्यावर जुन्या खेळांच्या सीडी असतील, खात्याशिवाय चालणाऱ्या, दुकानातून पावती करून घेतलेल्या. त्या खोक्यासकट, पुस्तिकेसकट संयोजक मंडळाच्या वाचनालयात आणा. आज दुपारीच त्यांच्याशी बोलणं झालं आहे, खिडकीशेजारचं कपाट रिकामं करून देतो म्हणाले आहेत. दाखल क्रमांक कसा घालायचा ते मी शिकवीन. पुस्तकाला घालतो तसाच : तारीख, नाव, बनवणारा, कुणाकडून आली, कोणत्या विंडोजवर चालते. शेवटची नोंद विसरू नका, वीस वर्षांनी तीच लागते. प्रश्न बाहेर चहाला घेऊ, दुर्गहून माझी नागपूरची गाडी आहे.